आधी पान उलटून बघू

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं पांढरं काही दिसलं की हात थेट फवाऱ्याकडे जातो. जीव लावून वाढवलेलं झाड असतं. आता कुठे कळ्या धरल्यात आणि नेमका हा पिठ्या ढेकूण! राग येणारच. पण राग आणि फवारा यांच्यात दोन मिनिटं जाऊ दिली तर बागेचं बरंच भलं होतं. त्या दोन मिनिटांत एकच काम करायचं. पान उलटून नीट बघायचं.

पानामागे बरीच वर्दळ असते. माव्याच्या दाटीत एखादी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी अळी फिरताना दिसते. ती ढालकिड्याची. मावा हेच तिचं खाणं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण कौतुकाने मुलांना दाखवतो, पण त्याचं पोर ओळखत नाही आणि चिरडून टाकतो. शेजारी मुंग्यांची रांग असेल तर तिचंही कारण असतं. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद केलेली बरी. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती बहुधा फुलपाखराची अळी असते. महाराष्ट्राने 2015 मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते निलवंत म्हणजे ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. चार पानं खाल्ली तर खाऊ द्यावीत, असं मला वाटतं. फोडणीत कढीपत्ता थोडा कमी पडला म्हणून आमटी काही बिघडत नाही.

कीड खरोखर जास्त असेल तर अर्थातच काहीतरी करावं लागतं. मावा सकाळी पाण्याच्या जोरदार धारेनेच बराचसा निघून जातो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासून काढता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण मिसळावा. साबण नसेल तर तेल नुसतं वर तरंगत राहतं. आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबावं, मग सगळ्या झाडावर. वेळ संध्याकाळची ठेवावी. तोवर मधमाश्या परतलेल्या असतात, आणि उन्हात तेलाने पानं करपण्याची भीतीही राहत नाही. निंबोळी झाडाची म्हणून ती निर्धोक, असं मात्र धरून चालू नये. लहान मुलाच्या पोटात निंबोळी तेल गेलं तर तेही घातक ठरतं.

आणि तरीही बाजारचं कीटकनाशक आणायची वेळ आलीच, तर दुकानातच डबा फिरवून बघावा. त्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. लाल-पिवळं काही घरच्या कुंड्यांसाठी आणूच नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना कितीतरी शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. त्यांच्यापुढे उभ्या पिकाचा प्रश्न होता. आपल्यापुढे चार कुंड्या आहेत, आपल्याला थांबणं परवडतं. डब्यासोबतचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचावं. फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही, हे त्यात दिलेलं असतं. तुळस, पुदिना, मेथी आपण कुंडीतून थेट तोंडात किंवा कढईत टाकतो, म्हणून तिथे रासायनिक काही न मारणंच बरं. मापाचा चमचा वेगळा ठेवावा, तो स्वयंपाकघरात परत नेऊ नये. लागेल तेवढंच कालवावं. उरलेलं मूळ डब्यातच, कुलपात. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नाही, कारण तहानलेलं पोर लेबल वाचत बसत नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढायच्या भरीस पडू नये. डबा हातात घेऊन लगेच दवाखाना गाठावा. फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क हवा आणि वारा पडलेला हवा. गॅलरीत फवारणार असाल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी हाक मारा. त्यांचे कपडे वाळत असतात, उन्हाळ्यात पापड असतात. त्या पापड आत घेतील आणि जाता जाता आपल्या मोगऱ्याची तक्रार सांगतील. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच फवारा भरावा.