मागचे आसन

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपली गाडी घेऊन चर्चच्या आवारात आला. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी, खडकाळ वाटेवर चालणारी ती गाडी त्याने दीड वर्ष खपून सजवली होती. छतावर घडीचा तंबू आणि त्यावर चढायला शिडी. पुढे जाड पोलादी बंपर, त्यात तारेचा दोर गुंडाळलेली विंच. मागचे दार उघडताच दोन लांबलचक खण बाहेर सरकले: एकात शेगडी व भांडी, दुसऱ्यात फावडे, दोर, पान्यांची पेटी. वर एक लहानसा फ्रीज आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. जूनअखेर मनालीवरून स्पितीच्या खोऱ्यात जायचे, वाटेत उघड्यावर मुक्काम करायचे, असा बेत होता. "पंधरा दिवस कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, फादर," तो अभिमानाने म्हणाला.

आम्ही मनापासून कौतुक केले. स्वतःच्या हातांनी काही घडवण्याचा आनंद हा खरा आनंद असतो. मग सहज विचारले, "आणि मागचे आसन कुठे गेले रे?"

"ते काढलं, फादर. घरी माळ्यावर आहे. त्याशिवाय खण बसतच नव्हते."

त्याच आसनावर बसून त्याची आजी दर रविवारी मिस्साला येत असे. त्यानंतर ती रिक्षाने येऊ लागली. तिची तक्रार नव्हती, नातवाने काही पापही केले नव्हते. परंतु माळ्यावरचे ते आसन आमच्या मनातून जाईना. एखादी वस्तू जोडताना आपण काय जोडले हे सर्वांना दाखवतो. तिच्यासाठी काय काढले, हे मात्र कुणी दाखवत नाही आणि कुणी विचारतही नाही. प्रस्तुत चिंतनाचा विषय हाच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तयारी करणे हा दोष नव्हे. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना, दूरदृष्टी ही विवेक या सद्गुणाचाच एक घटक आहे, हे आम्ही शिकलो. ग्रांफू ते बाताल या वाटेवर दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात; पुढे साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंजुम खिंड लागते. तिथे जादा चाक, गरम कपडे, पाणी आणि औषधे न घेता जाणे म्हणजे शौर्य नव्हे. त्या बेफिकिरीची किंमत शेवटी दुसराच कुणी मोजतो: कडाक्याच्या थंडीत शोधायला निघणारा पोलीस, किंवा घरातले मोजके रॉकेल पाहुण्यासाठी जाळणारा गावकरी. मात्र तोच अक्वायनस पुढे असेही बजावतो की, उद्याची चिंता प्रमाणाबाहेर गेली की ती विवेकाचा वेष घेते, पण विवेक राहत नाही. प्रश्न आहे तो या सीमारेषेचा.

ही सीमारेषा गाडीच्या बाबतीत आश्चर्य वाटेल इतकी स्पष्ट असते, कारण ती किलोग्रॅममध्ये लिहिलेली असते. प्रत्येक गाडीचे माणसांसह आणि सामानासह जास्तीत जास्त वजन किती असावे, हे कारखान्यातच ठरते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती तिची वाहून नेण्याची खरी शक्ती. अनेक गाड्यांत ती चारपाचशे किलोच्या आसपास असते. आता हिशेब मांडावा. छतावरचा तंबू साधारण साठ किलो. पोलादी बंपर आणि विंच मिळून सत्तर-ऐंशी. खण आणि फ्रीज तितकेच. दुसरी बॅटरी वीसएक किलो. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. डिझेलचे दोन डबे, सुमारे चौतीस. दोन प्रवासी, दीडशे. एकही कपडा न भरता गाडी भरली! त्यापुढे चढवलेला प्रत्येक किलो ब्रेककडून, स्प्रिंगकडून आणि टायरकडून उसना घेतलेला असतो. छतावर वजन चढले, गाडी उंच केली, की तिचा तोल जातो. मोठे टायर घातले की वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवू लागतो. म्हणजे ज्याला आपण भर समजतो, ती बहुधा वजाबाकी असते. फक्त ती दुसऱ्या रकान्यात लिहिलेली असते.

कधी तो रकाना दुसऱ्या माणसाचा असतो, आणि येथे नीतीचा प्रश्न अधिक गंभीर होतो. गाडीपुढे लावलेला पोलादी कठडा मालकाला निर्धास्त करतो. पण रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यावर तो घाला ठरतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्याच्या यंत्रणेतही बाधा आणू शकतो. म्हणूनच डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे कठडे बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. हौशी मंडळींना हे जाचक वाटते. त्यांच्या कौशल्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे, आणि आमच्या बंपरची जाडी हा केवळ आमचा खासगी प्रश्न राहत नाही, हे कायद्यामागील तत्त्व नाकारता येईल का?

साधनाबरोबर अधिकारही विकत मिळाला, असे वाटू लागणे हा दुसरा धोका. स्नॉर्केल नावाची नळी इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा पुरवते. ओढा ओलांडताना पाणी इंजिनात शिरून ते निकामी होऊ नये, एवढेच तिचे काम. ती इंजिनाला श्वास देते. नदीत उतरण्याचा हक्क देत नाही. तरीही २०२२मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवराच्या पाण्यात गाडी घालून मौज करणाऱ्या पर्यटकांची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. डिसेंबर २०२३मध्ये लाहौलमध्ये वाहनांची कोंडी टाळण्यासाठी एकाने आपली गाडी चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली. पोलिसांनी त्याला दंड केला. गाडी जाऊ शकते, हे उत्तर झाले. तिने जावे का, हा प्रश्न तसाच राहिला.

गंमत अशी की, या छंदातले जाणते लोक आपल्या साधनांकडूनच नम्रता शिकतात. वाळूत गाडी रुतली तर पहिला उपाय कोणता? काही जोडणे नव्हे, काढणे. टायरमधली हवा कमी करायची. टायर पसरतो, भार विभागला जातो आणि गाडी बाहेर येते. त्याला पैसाही लागत नाही. विंचचेही तसेच. ती कितीही बळकट असो, तिचा दोर अडकवायला बाहेर काहीतरी लागते: एखादे झाड, खडक किंवा दुसऱ्याची गाडी. झाड असेल तर साल सोलली जाऊ नये म्हणून रुंद पट्टा बांधायचा, हाही तिथला शिष्टाचार. स्वतःला स्वतःच ओढून काढील असे यंत्र अजून कुणी बनवलेले नाही.

स्पितीत झाडे फारशी नाहीत. हे त्या तरुणाला छत्रूच्या पुढे एका ओढ्यात कळले. दुपारचे पाणी चढलेले, मागचे चाक दोन दगडांत अडकलेले, आणि विंचचा दोर अडकवायला समोर काहीच नाही. पाऊण तासाने एक ट्रक आला. ड्रायव्हरने न बोलता आपली साखळी लावली, गाडी ओढून काढली आणि पैसे घ्यायला नकार दिला. पंधरा दिवस कुणापुढे हात पसरायचा नव्हता; दुसऱ्याच दिवशी पसरावा लागला.

हे सर्व त्याने परतल्यावर आम्हांला हसत सांगितले. पुढचे सांगताना मात्र तो हसला नाही. कुंजुम उतरून लोसर सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी गाठोडे घेऊन उभी होती. तिने हात केला. त्या भागात बस क्वचितच. येणाऱ्या वाहनाने थांबायचे, हीच तिथली रीत. तो थांबला. काच खाली केली. ती मागच्या दाराकडे गेली, आत डोकावली, खण पाहिले, फ्रीज पाहिला. बसायला जागा नाही हे तिला कळले. तिने हसून मान हलवली आणि 'जा' अशी खूण केली.

"फादर, माझ्याकडे चाळीस लिटर पाणी होतं, सहा दिवसांचं जेवण होतं. तिला द्यायला फक्त जागा नव्हती."

आम्ही काय बोलणार होतो? १९५५-५६ साली विद्यापीठातील सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर गाड्यांतून लंडनहून निघून भारतमार्गे सिंगापूरला पोहोचले होते, हे त्याला ठाऊक होते. एका गाडीत तिघे! त्यांनाही सामान होते, पण त्यातही माणसांना जागा उरली होती. प्रमाण म्हणजे काय, ते यापेक्षा वेगळे कसे सांगावे?

आणि उपदेश करण्याचा अधिकार तरी आम्हांला कुठे आहे? पहिल्या नेमणुकीला आम्ही एक पत्र्याची पेटी आणि पुस्तकांचे एक खोके घेऊन बसने गेलो होतो. मागल्या बदलीला टेम्पो करावा लागला. त्यातली प्रत्येक वस्तू गरजेची होती, असे आम्ही शपथेवर सांगू शकलो असतो. आमच्या खोलीतली पाहुण्याची खुर्ची मात्र गेली दोन वर्षे फायलींनी भरलेली होती. कुणी आले की आम्ही दारातच उभ्याने बोलत असू, आणि वेळ नाही म्हणून तसे करतो, अशी स्वतःची समजूत घालत असू.

त्या संध्याकाळी तो तरुण गेल्यावर आम्ही त्या फायली उचलल्या. त्यातल्या निम्म्या टाकून देण्याजोग्या निघाल्या.

गाडीचे म्हणाल, तर खण अजून आहेत, पण आता ते चार बोल्टांवर बसवलेले आहेत. शनिवारी रात्री तो ते सोडवतो आणि माळ्यावरचे आसन खाली आणतो. अर्ध्या तासाचे काम आहे, कटकटीचे आहे, असे तो सांगतो. आजी अजूनही रिक्षानेच यायला तयार असते. पण रविवारी सकाळी हॉर्न वाजला की नेसूचे सावरत मागच्या दाराशी जाते.