सूत कातणं मंदावलं म्हणजे सूत तुटलं का?



आजची आयत : सूरह नहल, आयत 92.

ईद होऊन आठ-दहा दिवस झाले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "रमजानमध्ये मी वेगळाच माणूस होतो. फजर जमातीसोबत, रोज एक पारा, तरावीह, दुआ मागताना डोळ्यांत पाणी. आणि आता? अलार्म बंद करून झोपतो. मग खरा मी कोणता? तो महिना नुसता देखावा होता का?" बहिणीही हेच विचारतात.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे. "तो देखावाच होता" हे मनाने एकदा मान्य केलं की माणूस उरलंसुरलंही सोडून देतो. ढोंग चालू ठेवण्यापेक्षा बंद केलेलं बरं, असं त्याला वाटतं. सैतानाला आणखी काय हवं?

आता आयतीकडे येऊ. त्यात एका बाईचं उदाहरण आहे. तिने मेहनतीने सूत कातलं, पीळ देऊन मजबूत केलं आणि मग स्वतःच्याच हाताने त्याचे तुकडे तुकडे केले. तुम्ही तिच्यासारखे होऊ नका, असं अल्लाह बजावतो. ईदनंतरच्या बयानात ही आयत पुष्कळदा येते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ती बाई म्हणजे मीच.

पण जरा सावकाश वाचा. त्या बाईचा दोष कातणं थांबवण्याचा नाही, कातलेलं मोडून टाकण्याचा आहे. मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांच्या घरात माग चालले, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. वीज गेली की माग थांबतो, पण विणलेलं कापड जागेवरच असतं. वीज आली की तिथून पुढे काम सुरू होतं. कापड वाया जातं ते कुणी त्याला कात्री लावली तर.

रमजानमध्ये वीज भरपूर असते. घर सहेरीला जागं असतं, मशीद भरलेली असते, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांनाही माहीत असतं की आज लवकर निघायचंय. शव्वाल लागला की हे सगळं एका रात्रीत निघून जातं. तोच मोहल्ला, तीच मशीद, पण फजरला मोजक्याच सफा. मग वेग कमी होणारच. साथ होती म्हणून आपण चाललो, याचा अर्थ आपलं चालणं खोटं होतं असा होत नाही. ती साथ हीसुद्धा अल्लाहचीच मदत होती.

ही बेचैनी सहाबांनाही झाली होती. सहीह मुस्लिममधली हजरत हन्जला (रजि.) यांची हदीस आठवा. ते प्रेषितांच्या (स.) लेखनिकांपैकी एक. त्यांना वाटलं, आपण मुनाफिक झालो. कारण प्रेषितांजवळ (स.) बसलं की जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसते, आणि घरी बायको-मुलांत, कामधंद्यात गेलं की बरंच विसरायला होतं. हजरत अबू बक्र (रजि.) म्हणाले, माझंही असंच होतं. दोघं प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना ढोंगी ठरवलं नाही. तुम्ही सदैव त्याच अवस्थेत राहिलात, तर फरिश्ते रस्त्यात तुमच्याशी हात मिळवतील, पण माणसाची एक वेळ अशी असते आणि एक वेळ तशी, असं त्यांनी समजावलं. मनाची भरती-ओहोटी म्हणजे निफाक नव्हे.

मग सूत तोडणं म्हणजे काय? मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, निराशा आणि चेष्टा. "माझ्याकडून काही होणार नाही" म्हणत दारच बंद करून घेणं, ही स्वतः लावलेली कात्री. आणि शव्वालमध्ये बऱ्याच दिवसांनी मशिदीत आलेल्या तरुणाला "काय, रमजानी नमाजी, आज इकडे कुठे?" असं म्हणणं, ही दुसऱ्याच्या सुताला लावलेली कात्री. बोलणारा हसून विसरतो. ऐकणारा कदाचित पुढच्या शुक्रवारी येत नाही.

दुसरी गोष्ट आयतीतच आहे, आणि ती आपण सहसा वाचतच नाही. ही आयत मुळात शपथा आणि करार मोडणाऱ्यांबद्दल आहे. समोरचा गट जास्त ताकदवान दिसला म्हणून दिलेला शब्द फिरवू नका, हा तिचा विषय. म्हणजे कुरआन सूत तुटण्याची चिंता करतो ती इथे. रोजाने जीभ आवरायला शिकवलं आणि ईदनंतर तीच जीभ गीबत करायला मोकळी झाली, रमजानमध्ये जकात काढली आणि शव्वालमध्ये घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार कापला, तर तिथे पीळ सुटला. तरावीह रमजानसोबत जाते, ती जायचीच होती. शब्द आणि अमानत मात्र बाराही महिने आहेत.

आता राहिला रोजच्या इबादतीचा प्रश्न. पाच फर्ज नमाजा आहेत तशाच आहेत, त्यात घट नाही. एखादी सुटली तर तिची कजा करायची आणि पुढची धरायची. एक सुटली म्हणून पाचही सोडायच्या, हा हिशेब चुकीचा. नफ्लसाठी मात्र बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली शिकवण सर्वांना ठाऊक आहे : अल्लाहला सगळ्यात प्रिय ते काम, जे थोडं असलं तरी नियमित असतं.

याचा अर्थ हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या आयुष्यात दिसतो. तरुणपणी त्यांना रोज रोजा ठेवायचा होता. प्रेषितांनी (स.) महिन्यात तीन रोजे पुरेसे आहेत असं सुचवलं. ते आग्रह धरत गेले आणि शेवटी एक दिवसाआड रोज्यावर ठरलं. म्हातारपणी शरीर थकल्यावर ते म्हणत, ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरं झालं असतं. तरीही त्यांनी ते सोडलं नाही. सलग काही दिवस रोजा न ठेवता ताकद जमवत आणि मोजून तेवढे रोजे नंतर पूर्ण करत. वेग बदलला, पण धागा तुटू दिला नाही.

म्हणून एकच धागा निवडा. शव्वालचे सहा रोजे सलगच हवेत असं नाही, महिनाभरात कधीही ठेवता येतात. ज्यांचे रमजानचे रोजे राहिलेत त्यांनी आधी काय करावं, ते आपल्या आलिमांना विचारून घ्या. कुरआनची 604 पानांची प्रत घरी असेल तर रोज दोन पानांनी ती 302 दिवसांत पूर्ण होते. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणजे मध्ये काही दिवस चुकले तरी पुढच्या रमजानच्या आत एक खतम. लोकलमध्ये विंडो सीट मिळाली नाही तरी दोन पानं होतात. तेही जमत नसेल, तर इशानंतर वित्र न चुकवणं इतकंच धरा.

हे छोटं काम कुणी बघणार नाही. त्याचा स्टेटस लावण्याजोगा फोटोही निघणार नाही. "खरा मी कोणता" याचं उत्तर हवंच असेल, तर ते इथे सापडेल. रमजानमध्ये रडलेला तो तुम्हीच होता. आज थकून, कंटाळून, तरीही दोन पानं वाचणारेही तुम्हीच आहात.

या अल्लाह, रमजानमध्ये जे तुटकंमुटकं केलं ते कबूल कर. जे कातलं ते आमच्याच हातून मोडू देऊ नकोस. आमच्या शब्दाला पीळ दे, आणि परत येणाऱ्याला जागा करून देणारं मन दे. आमीन.