सोनं जमतं तेव्हा

सोनं दुर्मिळ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. सोनं पृथ्वीच्या कवचात जवळजवळ सगळीकडे आहे. अंगणातल्या दगडात आहे, शेतातल्या मातीत आहे, समुद्राच्या पाण्यातही आहे. फक्त ते इतकं विखुरलेलं आहे, की कुठलाही साधा खडक हजार टन फोडला तर त्यातून जेमतेम एक ते तीन ग्रॅम निघावं. खाण परवडायची तर टनामागेच काही ग्रॅम हवेत. म्हणजे एखाद्या जागी ते निदान हजारपट एकवटलेलं असावं लागतं. खरं दुर्मिळ काय असेल, तर ते हे एकवटणं.

ते घडण्याच्या वाटा अनेक आहेत, पण त्यांतली एक मोठी वाट पर्वतांच्या मुळातून जाते. कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा, ऑस्ट्रेलियातला व्हिक्टोरिया, तिएन शान रांगांच्या पश्चिम टोकाचं उझबेकिस्तानातलं मुरुंताऊ ही सगळी नावं याच वाटेवरची. मात्र त्यासाठी नुसती उंची पुरत नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते थर एकावर एक साचले आणि पुढे झिजून त्यांचे कडे झाले. पर्वतांच्या मुळातलं हे सोनं साठायला मात्र भूपट्टांची टक्कर लागते. खडक चेपले जावेत, दुमडले जावेत, कित्येक किलोमीटर खाली ढकलले जावेत, तेव्हा ही प्रक्रिया सुरू होते.

खाली जाणाऱ्या या खडकांत समुद्रतळाचा चिखल असतो, जुना बेसाल्ट असतो. त्यांच्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. तापमान ५०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं, की ती खनिजं मोडतात आणि पाणी सुटं होतं. त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकही बाहेर पडतं. एरवी कशातही सहजासहजी न विरघळणारं सोनं गंधकाच्या संगतीने या तप्त पाण्यात विरघळतं. सराफकट्ट्यावरचा केर धुऊन झारेकरी त्यातला सोन्याचा कण न् कण वेगळा करतो. पर्वताच्या पोटातलं पाणी तेच काम अवाढव्य प्रमाणावर करतं. प्रचंड आकाराच्या खडकातून चिमूट चिमूट सोनं उचलतं आणि भेगांमधून वर निघतं.

पण उचललेलं सोनं कुठेतरी उतरावंही लागतं, आणि ते उतरवतो भूकंप. १९८८ मध्ये सिब्सन, रॉबर्ट आणि पोल्सन या भूवैज्ञानिकांनी ही यंत्रणा मांडली. वाट बंद झालेल्या भ्रंशाखाली, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात त्या भेगेखाली, पाण्याचा दाब वाढत जातो. एका क्षणी खडक फुटतो, भूकंप होतो, भेग उघडते आणि दाब झपकन उतरतो. पाण्यात विरघळलेलं आता पाण्यात राहू शकत नाही. गारगोटी आणि सोनं भेगेत साचतं, भेग पुन्हा बुजते आणि दाब पुन्हा वाढू लागतो. असं शेकडो, हजारो वेळा होतं. गारगोटीच्या शिरेतल्या पातळ थरांवर या फुटण्याची आणि सांधण्याची नोंद दिसते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यात एक भर घातली. ताण पडला की गारगोटीत वीज निर्माण होते, आणि ती वीज द्रावणातलं सोनं ओढून आधीच्या कणांवर चढवू शकते, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते असं, की यात मंद आणि अचानक या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे. नुसत्या संथ उष्णतेने सोनं विरघळलं असतं, पण साठलं नसतं. नुसत्या हादऱ्यांनी खडक फुटले असते, पण त्यांतून सोनं घेऊन जाणारं पाणी आलं नसतं.

कर्नाटकातल्या कोलारला हे सगळं सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी घडलं. जुन्या भूखंडांचे दोन तुकडे जिथे जुळले, तो हा सांधा असावा असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला पर्वत केव्हाच झिजून गेला आणि एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल असलेली सोन्याची शीर माणसाच्या आवाक्यात आली. १८८० मध्ये तिथे जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी उतरली. २००१ मध्ये खाण बंद झाली, तोवर खोदकाम तीन किलोमीटरच्याही खाली गेलं होतं. तिथल्या खडकाचं तापमान साठ अंशांवर होतं. साठलेल्या ताणाने खडक अकस्मात फुटत आणि कामगार दगावत. जे वाचले, त्यांतल्या कित्येकांच्या फुप्फुसांत गारगोटीची धूळ भरली.

या एवढ्या खटाटोपातून सुमारे १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं. आज भारताची सोन्याची मागणी एका वर्षातच साधारण तेवढी असते.

न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्सच्या पोटात ही क्रिया आजही चालू आहे, पण तिचा हिशेब लाखो वर्षांचा आहे. आपण खाणीतून सोनं काढतो तेव्हा नुसता धातू काढत नाही, तो एकवटायला लागलेला सगळा काळ खर्च करतो. म्हणून एकदा हाती आलेलं सोनं पुन्हा पुन्हा वापरणं, हा मला सोन्याशी वागण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. आजीच्या पाटल्या मोडून नातीचं मंगळसूत्र घडवणारी घरं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. टनामागे चार ग्रॅम देणाऱ्या खाणीतून दहा ग्रॅम नवं सोनं घ्यायचं, तर निदान अडीच टन खडक फोडावा लागतो, सायनाइडने धुवावा लागतो आणि त्याचा गाळ कुणाच्या तरी गावाशेजारी टाकावा लागतो. कपाटातल्या दागिन्यांसाठी यातलं काहीच करावं लागत नाही. सोनं खरेदी करताना आपण आजचा भाव विचारतो. हे सोनं नव्याने खणलेलं आहे की जुनं आटवलेलं, हेही विचारायला हवं. ग्राहक हा प्रश्न विचारू लागले, तर बाजाराला त्याचं उत्तर द्यावंच लागेल.