टाळकऱ्याची जागा

सज्जनहो, गुरूचा महिमा आपल्या संप्रदायाला नवा नाही. गुरूने मस्तकी हात ठेवला, शिष्य कृतार्थ झाला, इथवर आपण सगळेच सांगतो आणि ऐकतो. पण तोच शिष्य शिकून तयार झाला, फेटा बांधून प्रथमच नारदाच्या गादीवर उभा राहिला, तर त्या घटकेला गुरूने कुठे उभे राहावे? याचे निरूपण फारसे होत नाही. आजची सेवा तेवढ्याच प्रश्नापुरती.

तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्मानंदवल्लीच्या आरंभी शांतिपाठ आहे. पाठशाळेत आम्ही तो रोज म्हणत होतो. अर्थ मात्र पुष्कळ उशिरा लागला. त्यात रक्षण मागितले आहे, सामर्थ्य मागितले आहे, अध्ययन तेजस्वी व्हावे असे मागितले आहे, आणि शेवटी आमच्यात द्वेष नसावा, हेही मागितले आहे. हे सारे मागणे द्विवचनात आहे, बरे का! संस्कृतात दोघांपुरते वेगळे वचन असते. गुरू ‘याचे रक्षण कर’ म्हणत नाही, ‘आम्हा दोघांचे कर’ म्हणतो. आता कोणी विचारील, गुरूला शिष्याचा द्वेष कशाने वाटेल? अहो, शिष्य पुढे जाऊ लागला म्हणजे वाटतो. ऋषींना मनुष्यस्वभाव ठाऊक होता, म्हणून त्यांनी आरंभीच ही प्रार्थना घातली.

कीर्तनात पहा. बुवा एकटे पुढे दिसतात, पण मागे टाळकऱ्यांची रांग असते. बुवांना प्रमाण आठवेना, जीभ अडली, की मागचा जाणता टाळकरी खुणेची वाट न पाहता चाल उचलतो. मृदंग घुमतो, नामाचा गजर होतो. तेवढ्यात बुवांना पुढचे आठवते आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. माझ्या पहिल्या कीर्तनात माझे गुरुजी स्वतः टाळ घेऊन मागे उभे होते. मी दोनदा अडलो, दोन्ही वेळा त्यांनी सावरले, आणि पुढे जन्मभर त्याचा उच्चार केला नाही.

आणि मी काय केले, तेही ऐका. एका गावच्या सप्ताहात एक तरुण विद्यार्थी कीर्तनाला उभा होता. मी मागे. त्याचा चरण निसटला. मला तो तोंडपाठ होता. पण मी टाळ हातात धरून उगा राहिलो. ‘पाठांतर करून यावे’, असे मनात म्हणालो. थोडे हसूही आले. ती शांतता चार श्वासांची असेल. पोराने कसेबसे कीर्तन आटोपले. पुन्हा काही तो गादीवर चढला नाही. पुढे वारीत भेटला, दिंडीच्या शेवटी चालत होता. माझ्या पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

असो. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, ते लोणंद आमच्या खंडाळा तालुक्यातले. याच तालुक्यात नायगाव आहे. तिथे 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना अक्षरओळख दिली, आणि 1848 साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. लोकांनी अंगावर शेणमाती फेकली, हे सर्वांना ठाऊक आहे. मी सांगतो ती गोष्ट लहान आहे. 1856 च्या ऑक्टोबरात त्या आजारी पडून माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. अंगात शक्ती नाही, आणि चिंता कोणाची? पुण्यात मागे राहिलेल्या फातिमेची! सारा भार तिच्यावर पडून तिला किती त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या पत्रातला भाव आहे. अंथरुणावरूनही टाळ हातात होता, याला आणखी काय म्हणावे?

याचे फळही पहा. फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. मांग-महारांचे दुःख तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले. गुरूने शिष्याच्या वतीने बोलणे निराळे, आणि शिष्याला बोलते करणे निराळे.

आपल्या घरचा दाखला हवा, तर आळंदीला चला. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 साली ते वैकुंठवासी झाले. उणीपुरी तीन वर्षे! संस्था बंद पडायची. पण बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशी माणसे त्यांनी नुसती शिकवली नव्हती, उभी केली होती. म्हणून विद्यार्थी आळंदीत आजही पाठ घेत आहेत.

तात्पर्य, पुढे उभे राहून शिकवणे हे गुरूचे अर्धे काम. शिकलेला पुढे उभा राहिला की त्याच्या मागे टाळ घेऊन उभे राहणे, हे उरलेले अर्धे. पहिल्यात मान आहे, दुसऱ्यात तो नाही. म्हणून ते राहून जाते. शाळेत नवा मास्तर आला, दिंडीत नवा विणेकरी आला, सप्ताहात नवा बुवा उभा राहिला, तर जुन्यांनी परीक्षकाच्या जागी बसू नये. चूक दाखवायची ती मागाहून, एकांतात. चारचौघांत फक्त चाल उचलावी. प्रत्येक सप्ताहात एक दिवस नव्या माणसाला द्यावा आणि त्या दिवशी गावातल्या वडील बुवांनी टाळ धरावा, एवढे तरी आपण करू.

त्याच उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निरोप घेणाऱ्या शिष्याला आचार्य सांगतो की, आमची जी चांगली आचरणे असतील तीच घे, बाकीची घेऊ नकोस. किती प्रांजळपणा! माझ्या त्या चार श्वासांच्या मौनाला हेच औषध आहे. त्या मुलाला यंदाच्या सप्ताहाचा निरोप मी धाडला आहे. आता तोही चाळिशीला आला. येईल, न येईल, पांडुरंगाची इच्छा. आला तर मागे टाळकऱ्यांत पहिली जागा माझी.

रामकृष्णहरि.