तयारी कशाला म्हणायची?

फ्रेडरिक फ्रान्सन १८५२ साली स्वीडनमध्ये जन्मला आणि तरुणपणी अमेरिकेत गेला. येशू ख्रिस्त लवकरच परत येणार, कदाचित आपल्या डोळ्यांदेखत, अशी या प्रचारकाची पक्की समजूत होती. १८९० मध्ये त्याने तिथेच एक मिशन काढले. त्या मिशनचे आणि त्याच्याच प्रेरणेने उभ्या राहिलेल्या स्वीडिश मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात येऊन राहिले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिस्ती व मिशनरी अलायन्सचे लोक आले. त्यांचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन ख्रिस्ताची ओळख चार नावांनी करून देत: तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा.

त्यांतले चौथे नाव त्यांना इतक्या लांब घेऊन आले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगून झाली की मग शेवट होईल. सिम्प्सन यांनी हे अक्षरशः घेतले. म्हणजे सातपुड्यातल्या एखाद्या भिल्ल पाड्यावर सुवार्ता पोचायची राहिली, तर तेवढा काळ राजाचे येणे लांबणार! आपल्या पाड्यावाचून जगाचा अंत अडला आहे, हे त्या पाड्यावर कोणाच्या गावीही नसेल.

अशा माणसांनी इथे येऊन काय करावे? शेवट जवळ आला म्हणून डोंगरावर जाऊन आभाळाकडे बघत बसावे? तसे करणारे जगात झाले आहेत. अमेरिकेत विल्यम मिलरच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून वाट पाहिली. काहींनी त्या वर्षी शेतातले पीकही काढले नाही. तारीख आली आणि गेली, आणि दुसऱ्या दिवशी घरी काय खायचे हा प्रश्न उरला.

खानदेशातल्या या मंडळींनी मात्र मराठी शिकायला घेतली, आदिवासींच्या बोली कानांवर घेतल्या, मुलांना अक्षरे शिकवली, औषधे दिली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात मिशनची खूण अजून आहे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय उभे राहिले. आता सगळे आटोपणार असे मानणारा माणूस पहिलीच्या पोराला बाराखडी शिकवतो, हे पहिल्यांदा वाचताना विसंगत वाटते. मला ते अगदी सुसंगत वाटते. धनी कधी दारात उभा राहील ते ठाऊक नसेल, तर हातातले काम चोख ठेवणे हीच त्याची वाट पाहण्याची रीत.

त्यांची सगळी घाई निर्मळ होती, असे मी म्हणणार नाही. फार घाईत असलेला माणूस समोरच्याचे पुरते ऐकून घेत नाही. पाड्यावरच्या माणसाचे स्वतःचे देव, गाणी, होळी यांकडे शांतपणे बघायला त्यांच्यापाशी वेळ थोडा होता. आणि जगाच्या अंताची प्रवचने ऐकून रात्री अंथरुणात घाबरून पडलेली लहान मुले प्रत्येक मंडळीत असतात. भीती घालून आणलेला विश्वास भीती ओसरली की निघून जातो, हे आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

शेवट जवळ आला म्हणून हातातले काम सोडण्याची गफलतही नवी नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जणांनी, प्रभू आता येणारच आहे, असे म्हणत कामधंदा सोडला होता आणि ते दुसऱ्यांच्या घरी जेवत फिरत होते. प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा. त्याने त्यांना खरमरीत लिहिले: काम करायचे नसेल तर जेवायलाही बसू नका. द्वितीयागमनावर त्याच्याइतका विश्वास क्वचित कोणाचा असेल, पण त्यापायी त्याने हातातली सुई खाली ठेवली नाही.

मग तयारी म्हणजे नेमके काय? मत्तयाचा पुढचा, पंचविसावा अध्याय यावर इतका उघड बोलतो की परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका हातात पडावी. मनुष्याचा पुत्र सिंहासनावर बसेल, राष्ट्रे समोर उभी राहतील, आणि विचारणा होईल ती भुकेल्याची, तान्हेल्याची, परक्याची, उघड्याची, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची. माझ्या येण्याची तारीख तुम्ही बरोबर काढली होती का, असे तिथे कोणी विचारत नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, पित्यालाच आहे, असे येशूनेच आधीच्या अध्यायात सांगून टाकले आहे. तरी दर युद्धाला आणि दर भूकंपाला मोबाइलवर नवे गणित येते आणि आम्ही ते पुढे पाठवतो. ज्या वेळात ते पाठवतो त्या वेळात आजाऱ्याच्या घरी जाऊन येता येते.

खानदेशात तर तान्हेल्याचा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसापार जातो. केळीचे घड वाहणारा मजूर, कापसाच्या गाडीवरचा हमाल, फलाटावर झोपणारा परगावचा माणूस यांना त्या उन्हात घोटभर पाणी देणे म्हणजे प्रत्यक्ष आपल्यालाच दिले, असे येशू म्हणतो. यात धर्म विचारलेला नाही. देणाऱ्याचाही नाही, पिणाऱ्याचाही नाही.

तयारीचा आणखी एक भाग आहे आणि तो पाणी देण्याहून अवघड आहे. बांधावरून भावाशी अबोला धरलेली घरे आपल्याकडे थोडी नाहीत. वाटणीचा कागद होतो, कोर्टात तारखांवर तारखा पडतात, लग्नाची पत्रिका जात नाही, आणि एक दिवस निरोप येतो तो थेट मयताचा. कबरीवर "प्रभूमध्ये निजले" असे कोरणे सोपे असते. निजण्याआधी भावाशी बोलून घेणे जड जाते. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, असे पौलाने इफिसच्या लोकांना सांगितले होते. सार्वकालिक जीवनाबद्दल लिहिणाऱ्या त्या माणसाने रागाला मुदत दिली ती फक्त संध्याकाळपर्यंतची.

आज सकाळ आहे. मुदत पुरेशी आहे. दारापाशी पाण्याचा रांजण भरून ठेवा, उधारी असेल तर ती देऊन टाका, आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला संध्याकाळच्या आत तुम्हीच आधी फोन लावा.