जाऊ देणारा शब्द, अडविणारा शब्द



इंग्रजी भाषेत ‘लेट’ हा एल, ई, टी अशा तीन अक्षरांचा लहानसा शब्द आहे. ‘करू देणे, जाऊ देणे’ हा त्याचा अर्थ शाळकरी मूलही सांगेल. परंतु १६११ सालचे किंग जेम्स भाषांतर वाचताना हाच शब्द वाचकाला फसवितो. रोमकरांस पत्र १:१३ मध्ये पौल सांगतो की, तुमच्याकडे येण्याचे मी पुष्कळदा योजिले; आणि पुढे ह्या शब्दाचे रूप येते. आजचे इंग्रजी जाणणाऱ्यास वाटेल, त्याला येऊ दिले. अर्थ नेमका उलट आहे. त्याला आजवर अडथळा झाला.

जुन्या इंग्रजीत हे दोन निरनिराळे शब्द होते. एकाचा अर्थ सोडणे, दुसऱ्याचा खोळंबा करणे. काळाच्या ओघात दोहोंचे रूप एक झाले. गाडी ‘लेट’ आहे असे आपण म्हणतो, तो शब्द ह्या खोळंबा करणाऱ्याचाच नातलग. पुढे अडविण्याचा अर्थ मागे पडला, तरी अगदी नाहीसा झाला नाही. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकटीत पडली की ‘लेट’ पुकारतात. आपल्या भारतीय पासपोर्टावर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरातही हा शब्द अडथळ्याच्याच अर्थाने आहे.

मराठी पवित्र शास्त्रात हा घोटाळा होत नाही, कारण आपल्याकडे दोन्ही गोष्टींना वेगळे शब्द आहेत. तरीही निर्गमाचा पाचवा अध्याय एकदा त्या जुन्या इंग्रजीत वाचावा. पहिल्या वचनात मोशे व अहरोन फारोला परमेश्वराची आज्ञा सांगतात की, इस्राएल लोकांना रानात सण पाळावयास जाऊ द्यावे. तेथे शब्द आहे ‘लेट’. चौथ्या वचनात फारो उलट विचारतो की, तुम्ही ह्या लोकांच्या कामात खोडा का घालता? तेथेही शब्द ‘लेट’च! भाषांतरकारांनी हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. पण फारोचे अंतःकरण त्यात नकळत उघडे पडले आहे. वाट अडवून उभा आहे तो स्वतः, आणि अडविल्याचा आरोप ठेवतो मोशेवर. मग पेंढा बंद होतो, विटांची संख्या मात्र तीच राहते; आणि कारण काय, तर लोक आळशी आहेत म्हणून ते यज्ञाची सबब सांगतात.

प्रिय वाचकहो, हा फारो मिसरातच राहिला काय? घरी भांडी घासणारी बाई रविवारची सुटी मागते, तेव्हा आपल्याला उपासनेला जाण्यास उशीर होईल म्हणून आपल्या कपाळाला आठ्या पडतात. तिलाही उपासनेला जावयाचे असेल, हे मनात येत नाही. मुलगी परगावी शिकावयास जाऊ का विचारते, तर ती घराची घडी मोडते असे आपण म्हणतो. मंडळीच्या सभेत एखादा तरुण नम्रपणे हिशेब विचारतो आणि लगेच तो प्रभूच्या कार्यात विघ्न आणणारा ठरतो. हिशेब मात्र कपाटातच राहतो. अशा वेळी अडविणारा नेमका कोण आहे, हे आपण प्रभूसमोर प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कारण अडविणाऱ्याला स्वतःचे अडविणे बहुधा शिस्त म्हणूनच दिसते.

त्या अध्यायाच्या शेवटी इस्राएलाचे नायकही मोशेलाच दोष देतात. आपल्याच लोकांकडून दुखावलेला मोशे देवाकडे परत जातो आणि तू मला का पाठविलेस, असे विचारतो. देव त्याला रागावत नाही. निर्गम ६:१ मध्ये त्याला उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात तोच तीन अक्षरी शब्द पुन्हा येतो, ह्या वेळी जाऊ देण्याच्या अर्थाने. ज्याने वाट अडविली तोच फारो त्यांना जाऊ देईल. इतकेच नव्हे, तर आपल्या देशातून घालवून देईल.