सारखं अन् न्यायाचं

आमच्या चिखलदऱ्यात पावसाळाभर पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा खडक. पाणी डोंगर उतरून जातं अन् उन्हाळ्यात घागर रिकामी.

१९७२ साली तर पावसानंच दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत तीनच विहिरींना पाणी राहिलं. ठरलं, दर विहिरीनं रोज सारख्या घागरी द्यायच्या. ऐकायला बरं वाटलं. आठ दिवसांत बारीक झऱ्याची विहीर आटली. तिचा मालकच दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन उभा.

तवा आजा म्हणाला, "एक बैल नरम असला त आपण जुवाची बांधणी तगड्याकडे सरकवतो. वझं त्याच्यावर जास्त जाते. मंग विहिरीले काहून सारखं मोजता?"

मग रात्रीतून विहीर जेवढी भरेल, तेवढा तिचा वाटा, असं ठरलं. ढोरांपुरतं पाणी मालकाचं. संध्याकाळी अन् पहाटे दोर सोडून मोजायचं काम माझं.

आमचा झरा मोठा. एका रात्री बाबांनी वांग्याच्या वाफ्यांना गुपचूप पाणी दिलं. पहाटे दोर कमी भिजला. मी तेवढंच सांगितलं. आमच्या वाट्याचं वझं दुसऱ्या विहिरीवर गेलं.

सारख्या वाटणीत कोणावर भरवसा ठेवावा लागत नाही. ऐपतीप्रमाणे वाटायचं, तर ज्याच्याजवळ जास्त आहे त्यानं खरं बोललं पाहिजे. आता मी साठीपार आहे. गावात वर्गणीची बैठक बसली, की कोणी विचारायच्या आधी माझा आकडा मीच सांगतो.